पेशवाईचे चेहरे आणि जेम्स वेल्स

गेल्या वर्षीची गोष्ट. इतिहासाचे शिक्षक रजेवर असल्याने सातवीच्या वर्गावर आम्हीच गेलो होतो. विषय होता खर्ड्याची लढाई. हैदराबादेतील मराठी मुलांना ही लढाई शिकवताना शिक्षकाची नेहमीच थोडी पंचाईत होते. एका बाजूस आपल्या मातृभाषेत पत्रे लिहिणारे पेशवे आणि दुसऱ्या बाजूस, ज्या नगरीचे अन्नपाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो त्या नगरीचा निजाम! मुलांचे मन पाठात रमावे म्हणून आम्ही घरून एक जुने सचित्र पुस्तक नेले होते. त्यातील नाना फडणविसांचे चित्र उघडून आम्ही वर्गात फिरवले. शेवटच्या बाकावरील एका मुलाने ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "सर, तेव्हा कॅमेरा तर नव्हता. मग नाना असेच दिसत होते हे कशावरून? हे चित्र काढलं कुणी?"

आम्ही उत्तर दिले, "काढलं असेल कुणीतरी चिताऱ्यानं. तू आधी लढाईचं साल पाठ कर." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. तास संपला.

परंतु संध्याकाळी काचीगुड्याच्या रस्त्याने घरी परतताना तो प्रश्न काही केल्या आमची पाठ सोडीना. मराठी विषय घेऊन आम्ही एम. ए. झालो, बखरी वाचल्या, पेशवेकालीन पत्रव्यवहाराच्या भाषेवर टिपणे काढली. नानांच्या मेणवलीच्या दप्तराविषयी चार लोकांत अधिकारवाणीने बोललो. पण ज्या चेहऱ्याकडे पाहून हे सारे बोललो, तो कोणी रेखाटला, हे जाणून घेण्याची इच्छा आम्हांला तोवर एकदाही झाली नव्हती. बारा वर्षांच्या मुलाला जे सुचले ते आम्हांला सुचले नाही, आणि त्याला सुचले तर आम्ही त्याला खाली बसवले! पुढील काही महिने आमचे रविवार या शोधात गेले. त्यातून जी हकीकत हाती आली, ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पीटरहेडहून पुण्यास

त्या चिताऱ्याचे नाव जेम्स वेल्स. त्याचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या गावी झाला. ॲबर्डीन येथील मारिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. पण चित्रकलेचे शिक्षण म्हणावे तर ते बहुतांशी स्वतःचे स्वतःच घेतलेले होते. मोठ्या गुरूच्या चित्रशाळेत उमेदवारी करण्याचे भाग्य त्याच्या वाट्यास आले नाही. लोकांच्या तसबिरी रंगवाव्यात, मधूनमधून निसर्गदृश्ये काढावीत आणि संसार चालवावा, असा त्याचा क्रम होता. १७८३ च्या सुमारास लंडनच्या प्रदर्शनांतून त्याची चित्रे दिसू लागली; १७८८ व १७८९ साली रॉयल अकादमीच्या भिंतींवरही त्याच्या तसबिरी लागल्या. परंतु लंडनमध्ये त्या वेळी रेनल्ड्स आणि गेन्सबरो यांचा जमाना होता. त्या सूर्यांच्या उजेडात पीटरहेडच्या या पणतीकडे कोण पाहणार?

अशा दुय्यम समजल्या गेलेल्या चित्रकारांना त्या काळी एक वाट खुणावीत असे, ती हिंदुस्थानची. १७६९ साली टिली केटल मद्रासेस उतरला आणि नबाबांच्या तसबिरी रंगवून गबर झाला. त्याच्या मागून योहान झोफानी लखनौस येऊन गेला. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी तर कलकत्त्यापासून हिमालयापर्यंत आणि तेथून दक्षिणेच्या टोकापर्यंत हा देश पालथा घातला. राजेरजवाडे, कंपनीचे साहेब आणि त्यांची कुटुंबे, सर्वांनाच आपली छबी कॅनव्हासवर हवी होती. वेल्सनेही हाच मार्ग धरला. १७९१ साली तो मुंबईस उतरला तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीस होते. ज्या वयात माणूस निवृत्तीचे हिशेब मांडू लागतो, त्या वयात हा गृहस्थ महासागर ओलांडून नव्याने धंदा मांडावयास आला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

मुंबई तेव्हा काही फार मोठे शहर नव्हते. वेल्सने बेटावर व आसपास हिंडून दृश्ये रेखाटली. १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत घेतलेली ही बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आजच्या गजबजलेल्या मुंबईच्या जागी नारळीच्या राया, शिडाची गलबते आणि मोकळे पाणी कसे होते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना या चित्रांकडेच जावे लागते. तथापि वेल्सचे खरे कार्य मुंबईत नव्हे, पुण्यास व्हावयाचे होते.

पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता सर चार्ल्स वॉर मॅलेट. १७८६ पासून त्याचा मुक्काम मुळा आणि मुठा यांच्या संगमावर होता. मॅलेट मोठा धोरणी आणि चौकस. टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम यांची १७९० साली जी जूट झाली, त्यातील पुण्याचा तह त्यानेच घडवून आणला होता. आपल्या हातून झालेल्या या कामगिरीचे एक भव्य दरबारी चित्र व्हावे, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी त्याला चित्रकार हवा होता आणि वेल्सला आश्रयदाता. १७९२ साली वेल्स पुण्यास आला.

शनिवारवाड्यातील बैठक

त्या वर्षी पुणे ऐन वैभवात होते. सवाई माधवराव अठरा वर्षांचे झाले होते. कारभार नाना फडणविसांच्या हाती एकवटलेला होता. त्याच उन्हाळ्याअखेर उत्तरेतून महादजी शिंदे बादशहाने दिलेले वकील-इ-मुतलकीचे फर्मान व वस्त्रे घेऊन पुण्यात दाखल झाले. एकीकडे लेखणीचा धनी आणि दुसरीकडे तलवारीचा, आणि मध्ये तो कोवळा पेशवा. मराठी इतिहासातील ही तीन माणसे एकाच वेळी एकाच शहरात होती आणि नेमका त्याच वेळी कुंचला घेतलेला एक परका माणूस तेथे येऊन पोहोचला. योगायोग म्हणतात तो हाच.

दरबारास चित्रकला नवीन नव्हती. शनिवारवाड्याच्या भिंती जयपूरकडील चिताऱ्यांनी सजविल्या होत्या. नानांच्या मेणवलीच्या वाड्यातही भित्तिचित्रे आहेत. आपल्या हैदराबादेत त्याच सुमारास निजाम अली खानाच्या पदरी वेंकटचलम नावाचा नामांकित चित्रकार होता. पण या सर्वांची रीत निराळी. कागदावर जलरंगात रेखाटलेला, बहुधा एका बाजूने दिसणारा चेहरा. नाक, डोळा, मिशी यांची बारीक, निर्दोष रेघ. उजेड सगळीकडे सारखा. तीत माणसाचा दर्जा दिसतो, दागिना दिसतो, दरबारातील त्याचे स्थान दिसते. वेल्सची रीत अशी की प्रथम समोर बसलेल्या माणसाची पेन्सिलीने टिपणे घ्यावयाची, मग ताणून बसविलेल्या कापडावर अळशीच्या तेलात घोटलेल्या रंगांचे थरावर थर चढवावयाचे. हे तेल हवा शोषून सावकाश घट्ट होते. एक थर वाळल्याखेरीज दुसरा देता येत नाही आणि पावसाळी हवेत तर हे काम फारच रेंगाळते. पण त्या सावकाशीचे फळही असते. एका बाजूने येणारा उजेड, गालाच्या हाडाखालची सावली, डोळ्यांभोवतीचा शीण हे सारे त्यात उतरते.

वेल्सने पेशव्यांचे आणि नानांचे जे एकत्रित तैलचित्र केले ते १७९२ सालचे. आज ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. आम्ही मूळ चित्र पाहिलेले नाही. आम्ही पाहिली ती छापील प्रतिकृती. तीही भिंगाखाली धरून, डोळे दुखेपर्यंत. बैठकीवर तलम पांढऱ्या वस्त्रातील तरुण पेशवे, गळ्यात मोत्यांच्या सरी, शेजारी नाना, मागे सेवक. मोती रंगविण्यात चित्रकाराने कसूर केलेली नाही. पण पाहणाऱ्याची नजर मोत्यांवर ठरत नाही, ती दोन चेहऱ्यांवर ठरते. पेशव्यांच्या मुखावर अजून मिसरूड नीटसे रुळलेले नाही. आणि नाना? पन्नाशीस पोहोचलेला तो कृश, लांबट चेहरा पाहिला की बखरकारांनी पानेच्या पाने खर्चून जे सांगितले ते एका दृष्टिक्षेपात उमगते. हा माणूस फारसा झोपत नसावा, फारसा हसतही नसावा, असे आम्हांला वाटले. हे आमचे वाटणे; पुरावा म्हणून ते कोणी घेऊ नये.

वेल्सने महादजींचीही तसबीर केली. ती आज कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. मॅलेटच्या पदरी असलेल्या बीबी अंबर कौर हिचेही चित्र त्याने काढले. राजकारणाच्या कागदांत या बाईस कोठून जागा मिळणार? पण चित्रकाराने तिला समोर बसविले आणि तिचे नाव उरले.

आमच्याच नगरीतील एक चित्र

येथे थोडे थांबून आपल्या नगरीकडे वळावेसे वाटते. कारण चेहरा उरणे म्हणजे काय, याचा असाच एक दाखला हैदराबादच्या इतिहासातही आहे. कोठीवरील रेसिडेन्सीची ती खांबांची भव्य इमारत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे; आपल्यापैकी कित्येकांच्या लेकीसुना तेथील महिला महाविद्यालयात शिकल्या. ती बांधवून घेणारा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि येथील सरदार घराण्यातील खैरुन्निसा यांचा विवाह सर्वश्रुत आहे. त्यांच्या दोन चिमुकल्यांना १८०५ साली शिक्षणासाठी विलायतेस धाडण्यात आले. जहाजावर चढण्यापूर्वी मद्रासेस जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराने त्या भावंडांचे चित्र काढले. त्याच वर्षी बाप कलकत्त्यास वारला. आईची आणि मुलांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांतील मुलगी, जी आता प्रौढ इंग्रज बाई झाली होती, तिला एका घराच्या भिंतीवर हे चित्र अवचित दिसले आणि तिला रडू आवरले नाही, अशी हकीकत आहे. तिला आपल्या आईची भाषा विसरावयास लावण्यात आली होती. पण हैदराबादी पोशाखातील ते दोन जीव कॅनव्हासवर तसेच उभे होते.

तसबीर रंगविणाऱ्याला हे ठाऊक नसते. तो आपले काम करतो, मजुरी घेतो आणि निघून जातो. त्याच्या कामाचे मोल कोणाला, कधी आणि किती कळेल, हे त्याच्या हाती नसते.

तांबटाचा मुलगा

आता वेल्सच्या कथेतील त्या माणसाकडे येऊ, ज्याच्यासाठी खरे तर हा लेख लिहावयास घेतला. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

आडनावच सांगते की पुण्याच्या तांबट जातीतला हा मुलगा. तांब्याच्या पत्र्यावर ठोके देऊन हंडे-घंगाळ घडविणाऱ्यांच्या घरातला. वेल्स पुण्यास येण्यापूर्वीच तो मॅलेटच्या नजरेस पडला होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे गंगारामने १७९० साली काढलेले चित्र आजही उपलब्ध आहे. त्या प्रचंड जनावराच्या कातडीच्या घड्या, त्याचे जड पाय हे सारे पाहून काढलेले आहे, ऐकून नव्हे. आपल्याकडील चितारी बहुधा परंपरेने ठरलेले रूप रेखाटीत. हा पोरगा समोर उभा राहिला आणि जे दिसले ते त्याने रेखाटले.

मॅलेट आणि वेल्स यांच्या खटपटीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तेथे शिकला, अशी नोंद मिळते. पाश्चात्त्य पद्धतीने चित्रकला शिकविण्याचा मराठी मुलखातील हा पहिलाच प्रयत्न म्हटल्यास वावगे होणार नाही. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले ते १८५७ साली. म्हणजे त्याच्याआधी साठाहून अधिक वर्षे पेशव्यांच्या वाड्यात मराठी मुले छायाप्रकाशाचे धडे गिरवीत होती! आम्ही शाळामास्तर, आम्हांला या गोष्टीचे अप्रूप दुप्पट. पटावर किती मुले होती, वेळापत्रक काय होते, रागे भरल्यावर वेल्स कोणत्या भाषेत बोलत असे, हे सारे आमच्या मनात येऊन गेले.

गंगारामची मोठी कामगिरी वेरूळची. मॅलेटने त्याला लेणी रेखाटण्यासाठी तिकडे धाडले. वेल्सही तेथे जाऊन राहिला. वेरूळचे नाव निघताच हैदराबादच्या मराठी माणसाचे कान टवकारतात. कारण पुढे हा सारा औरंगाबादचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत आपल्याच राज्याचा भाग राहिला. संस्थानचे पुरातत्त्व खाते १९१४ साली गुलाम यझदानी यांच्या हाताखाली सुरू झाले आणि अजिंठा-वेरूळची निगा त्याने राखली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, ना रस्ता ना मुक्कामाची सोय अशा काळात, एका तांबटाच्या मुलाने हातात मोजपट्टी आणि कागद घेऊन कैलास लेण्याचे खांब मोजले होते.

मॅलेटने वेरूळवर लिहिलेला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत सहाव्या खंडात छापला गेला, तो गंगारामच्या चित्रांच्या आधारे. पुढे १८०३ साली लंडनमध्ये टॉमस डॅनियलने वेरूळच्या चोवीस दृश्यांचा एक देखणा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर चित्रे जेम्स वेल्सची असल्याचे म्हटले आहे. गंगारामचे नाव तेथे नाही. त्याची कितीतरी रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. पुण्याच्या तांबट आळीत त्याच्या नावाचा एखादा दगड असावा, असे आम्हांला फार वाटते.

कार्तिकात संपलेली कथा

१७९५ हे साल उजाडले. ११ मार्च रोजी खर्डे येथे पेशव्यांच्या फौजांनी निजामाचा पराभव केला. निजामाचा दिवाण अरस्तूजाह मुशीर-उल-मुल्क याला ओलीस म्हणून पुण्यास आणण्यात आले. मराठी सरदार एका झेंड्याखाली एकत्र लढल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. विजयाचे नगारे वाजत होते. पण चित्रातील माणसे एकेक करून निघू लागली होती. महादजी तर आदल्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, वानवडीस निवर्तले होते. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि २७ तारखेस त्यांनी देह ठेवला. वय अवघे एकवीस. ते कसे पडले यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

त्या वेळी वेल्स पुण्यात नव्हता. साष्टी बेटावर, कान्हेरीच्या लेण्यांतील मूर्तींची रेखाटने करण्यात तो गुंतला होता. आज जेथे मुंबईकर सहलीस जातात ते कान्हेरी तेव्हा घनदाट रानात होते. पावसाळा सरल्यावर त्या रानातली हवा कोणालाही मानवत नसे. वेल्सला तापाने गाठले. नोव्हेंबर महिन्यात ठाण्यास त्याचा अंत झाला. पेशव्यांच्या मागून काही आठवड्यांतच त्यांचा चित्रकार गेला. वय अठ्ठेचाळीस. आम्ही आज त्याच्याहून वयाने वडील आहोत, हे मोजून पाहिले तेव्हा क्षणभर चमकलो. हिंदुस्थानात तो जेमतेम साडेचार वर्षे जगला. आणि आज त्याचे नाव ज्या कामामुळे आहे ते बहुतेक सारे या साडेचार वर्षांतले आहे.

मॅलेटच्या तहाचे ते भव्य दरबारी चित्र अपुरेच राहिले. वेल्सने त्यासाठी पुष्कळ टिपणे करून ठेवली होती. मॅलेटने ती जपून विलायतेस नेली आणि टॉमस डॅनियलकडून त्यांच्या आधारे चित्र पुरे करविले. १८०५ साली ते रॉयल अकादमीत मांडले गेले. १८०७ साली त्याचे ठसे निघाले. आणि आज मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. गंमत अशी की १७९० च्या त्या दरबारास ना वेल्स हजर होता, ना डॅनियल! एकाने माणसे नंतर पाहिली, दुसऱ्याने त्याची टिपणे पाहिली. तरीही त्या गर्दीतील मुखे खरी वाटतात. कारण त्यांच्या मुळाशी कोणीतरी त्या माणसांसमोर बसून काढलेली रेघ आहे.

वेल्सची कन्या सुझाना हिच्याशी १७९९ साली मॅलेटने विवाह केला. म्हणजे आश्रयदाताच पुढे जावई झाला. फक्त ते पाहावयास सासरा उरला नव्हता.

कोणाचे काय उरले?

आता आमच्या मनातील खरी सल सांगतो. पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी १८१७ च्या लढाईत जळाली. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. त्याच्या भिंतींवरील चित्रे, छतांवरची वेलबुट्टी, वेल्सची शाळा जेथे भरली ती दालने, सारे त्यात गेले. आज तेथे जोती आहेत, दरवाजा आहे, कारंज्याचा हौद आहे. आणि जे परक्यांनी पेटीत घालून समुद्रापार नेले ते मात्र शाबूत राहिले. यावर काय म्हणावे? परक्यांनी नेले म्हणून चरफडावे, की नेले म्हणूनच वाचले याबद्दल आभार मानावेत? आम्ही पुष्कळ विचार केला, पण कोणत्याही एका बाजूस मन झुकत नाही. वेल्स काही मराठ्यांच्या प्रेमापोटी येथे आला नव्हता. तो पोटासाठी आला होता. ज्याने त्याला बोलाविले तो मॅलेट तर या राज्याची नाडी तपासण्यासाठीच संगमावर बसला होता. वीस-पंचवीस वर्षांत त्याच्याच वारसांनी ते राज्य बुडविले.

पण एवढे खरे की वेल्स समोर बसला तेव्हा त्याने नानांस शत्रू म्हणून रंगविले नाही आणि राजाचा नोकर म्हणूनही नाही. एक थकलेला, शहाणा माणूस म्हणून रंगविले. आमच्या लोकांनी नानांचे हिशेब लिहिले, पत्रे लिहिली, पोवाडे रचले, निंदाही भरपूर केली. पण कागदावर त्यांच्या डोळ्यांखालची सावली मात्र लिहून ठेवली नाही. ती एका परक्याने लिहिली. आणि ज्या आपल्या माणसाला ती विद्या साधली होती, त्या गंगाराम तांबटाचे नावही आम्ही विसरलो. वाडा जळाला हे दैव. नाव विसरलो हा दोष आपला.

शाळेत हा दोष आम्ही रोज करतो. चित्रकलेचा तास हा आमच्याकडे रिकामा तास समजला जातो. गणिताचे शिक्षक मागे पडले की तो त्यांना द्यावा, परीक्षा आली की तो रद्द करावा. वहीच्या समासात चित्र काढणाऱ्या किती मुलांच्या वह्या आम्ही गेल्या तीस वर्षांत जप्त केल्या असतील, याचा हिशेब आमच्यापाशी नाही. मॅलेट परका, स्वार्थी, मुत्सद्दी. पण तांबटाच्या मुलाच्या हातात कला आहे हे त्याला दिसले. आम्ही त्याच जागी असतो तर, "आधी लढाईचं साल पाठ कर" असेच म्हणालो असतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पुन्हा त्या वर्गावर गेलो. या वेळी रजेवर कोणी नव्हते. शिक्षकांची परवानगी मागून गेलो. पुस्तक तेच होते. त्या मुलास उभे केले आणि सांगितले, "त्या दिवशी तू बरोबर विचारलं होतंस, आणि मला उत्तर येत नव्हतं. आता सांगतो." पाऊण तास आम्ही वेल्स, गंगाराम, गेंडा आणि वेरूळ यांची गोष्ट सांगितली. मुलांना गेंडा सर्वांत आवडला, हे प्रांजळपणे नमूद करतो. तास संपताना त्या मुलाने विचारले, "सर, मग गंगाराम कसा दिसायचा? त्याचं चित्र कुणी काढलं?"

या वेळी आम्ही त्याला खाली बसवले नाही. "शोधू या," म्हणालो. चित्रकलेचा बुधवारचा तास आता कोणासही दिला जात नाही, आणि त्या पुस्तकातील नानांच्या चित्राखाली आम्ही शाईने दोन नावे लिहून ठेवली आहेत. पहिले काढणाऱ्याचे, दुसरे त्याच्या जोडीने काम करणाऱ्या पुण्याच्या मुलाचे.